उसवून टाका म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

या महिन्याच्या टपालात गोधडीचं तंत्र विचारणारी पत्रं कमी आणि गोधडीवरून ऐकावी लागलेली बोलणी सांगणारी जास्त आहेत. अस्तराला मांजरपाट बरं की मलमल, ते पुढच्या अंकात बघू. आधी ही पत्रं.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाल्यावर मी हातात सुई घेतली. आमच्या भागात गोधड्या आणि क्विल्ट करणाऱ्या बायकांचा गट आहे, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. माझ्या आईच्या सुती नऊवारींची मी नातीसाठी गोधडी केली. वरचे चौकोन मशीनवर जोडले, धावदोरा हाताने घातला. उत्साहाने नेऊन सगळ्यांसमोर अंथरली. गटातल्या एक ज्येष्ठ बाई चष्मा लावून खाली बसल्या आणि बोट फिरवत म्हणाल्या, "टाके केवढाले! चौकोनांचे कोपरे तरी कुठे जुळलेत? उसवा आणि पुन्हा घाला. आणि मशीन मारलंय, मग हिला गोधडी म्हणायचं कसं?" बाकीच्या गप्प. चहा प्यायले आणि घरी आले. त्यानंतर गेलेच नाही. गोधडी कपाटात आहे. खरंच उसवू का? आणि त्यांना मी काय म्हणायला हवं होतं? — स. कु., डोंबिवली

उत्तर : सविताताई म्हणू की सुमनताई, ते तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून नुसतंच ताई म्हणते. ताई, उसवू नका. नेसून, धुऊन विरलेली नऊवारी एकदाच सुई सोसते. जाड दोऱ्याने पडलेली भोकं टाका ओढताना फाटतात, आणि त्याच जागी पुन्हा सुई घातली की चीर जाते. ज्यांनी उसवायला सांगितलं, त्यांनी जुन्या लुगड्यावर हे करून बघितलेलं नसावं.

आता त्यांचं बोलणं तपासू. गोधडीच्या बाबतीत मी एकच परीक्षक मानते, तो म्हणजे धुणं. कुणी काही बोललं की मनात विचारायचं, हे धुण्यात दिसेल का? रंग जाईल, शिवण सुटेल, कापूस गोळा होईल, कापड आटून सुरकुत्या पडतील असं कुणी सांगत असेल, तर बोलणारी कितीही कडू असो, ऐकायचं. बाकी सगळं आवडीनिवडीचं. त्यात मत असायला हरकत नाही, पण ते मत म्हणून घ्यायचं, निकाल म्हणून नाही.

टाके मोठे आहेत म्हणाल्या. आमच्या साताऱ्याकडची वाकळ बघितलीत तर इंचाला तीन-चार टाके दिसतील. तिच्यात जुन्या कापडाचे थरावर थर, सुई जाड, दोरा जाड. असल्या जाडीतून बारीक टाका निघतच नाही आणि त्याची गरजही नसते, कारण सगळे थर कापडाचेच, सरकायला आत काही नाही. इंचाला दहा-बारा टाके हा मानदंड अमेरिकन हात-क्विल्टिंगचा. तिथे दोन पातळ कापडांच्या मध्ये कापसाचा पातळ थर असतो आणि सुई आखूड, बारीक. एका घराण्याचं माप दुसऱ्याला लावलं की असंच होतं. तुमच्या गटात दोन्ही प्रकार करणाऱ्या बायका आहेत म्हणता, त्यामुळे हा गोंधळ तिथे कायम होत असणार.

तरीही या शेऱ्यात एक दाणा खरा आहे, तो उचलून घ्या. गोधडी नातीसाठी आहे. लहान मुलांची बोटं लांब टाक्यात अडकतात, विशेषतः पायाची. गोधडी मांडीवर घ्या आणि करंगळीचं टोक टाक्याखाली जातं का, ते दोन्ही बाजूंनी बघा. जात असेल तिथे दोन ओळींच्या मधून आणखी एक धावदोऱ्याची ओळ घाला आणि त्या लांब टाक्यांवर ठिकठिकाणी एकेक छोटा टाका मारून ते दाबून घ्या. काठाला जरीची तार असेल तर तीही बघा, बाळाच्या गालाला टोचते.

कोपरे न जुळणं धुण्यात दिसत नाही. शिवणीला पाव इंच कापड सोडलं असेल तर झालं, त्यापेक्षा कमी असेल तर मात्र विरलेलं कापड निसटतं. उत्तर कर्नाटकात, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका गोधड्या करतात. ठिगळं हाताला येतील तशी लावत त्या कडेकडून मध्याकडे शिवत जातात. त्यांचं लक्ष गोधडीच्या चार कोपऱ्यांवर असतं. तिथे दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं हवीतच, नाहीतर गोधडी उघडी वाटते. आतले चौकोन रेषेत आहेत का, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. नियम प्रत्येक गावात असतात, फक्त वेगळे.

मशीनचं म्हणाल तर तो वाद शिळा झाला. 1989 साली अमेरिकेत केंटकी राज्यातल्या पादुका गावच्या मोठ्या क्विल्ट प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या क्विल्टला सर्वोत्कृष्ट म्हणून बक्षीस मिळालं. सूर्यग्रहणाची कल्पना घेऊन केलेला तो क्विल्ट पूर्ण मशीनवर शिवलेला होता, आणि मशीनच्या कामाला तिथे हे बक्षीस पहिल्यांदाच मिळत होतं. तेव्हा बराच गदारोळ झाला. आज तिथे त्यावर कुणी भांडत नाही. तुम्ही तर नुसते चौकोन मशीनवर जोडलेत.

त्या बाईंबद्दल मला राग नाही. त्यांची नजर पक्की आहे, नाहीतर एका नजरेत एवढं दिसलं नसतं. पण शेवटची गाठ मारलेल्या गोधडीवर "पुन्हा करा" म्हणण्यात कुणाचंही काम सुधारत नाही. आणि बाकीच्या गप्प होत्या ना? त्यातल्या निम्म्या तरी याच बोटाखालून गेल्या असतील.

काय म्हणायला हवं होतं? "हो, टाके मोठे आहेत." एवढंच. जे खरं आहे ते मान्य करायचं आणि पुढचा निकाल उचलायचाच नाही. मग गोधडीची घडी घालून मांडीवर ठेवायची. अंथरलेल्या गोधडीवर लोक बोलत राहतात, घडी घातली की विषय संपतो. गंमत म्हणजे वाद घालत बसणाऱ्या बाईला हे सुचत नाही, ती उलट दुसरा कोपरा उलगडून दाखवायला लागते.

आणि पुढच्या महिन्यात जा. पण पूर्ण झालेलं काही नेऊ नका. अर्धवट काम न्या आणि नेमका एकच प्रश्न विचारा, शक्यतो त्याच बाईंना. "दोऱ्याची गाठ आत कशी लपवायची?" असा. त्यांच्याजवळ देण्यासारखं भरपूर आहे, फक्त ते मागेपर्यंत थांबायची त्यांना सवय नाही. विचारल्यावर त्याच बाई किती मऊ होतात ते बघा. नाहीच झाल्या, तर त्यांच्यापासून जरा लांबची खुर्ची धरा. घरात तेवढ्या खुर्च्या असतात.

प्रश्न : मी शाळेत शिवण शिकवलं. आता हौस म्हणून क्विल्ट करते. माझी अडचण उलटी आहे. मैत्रिणीने न धुतलेल्या गडद लाल कापडाच्या पट्ट्या पांढऱ्या मलमलीशेजारी लावल्या. रंग जाणार हे मला दिसत होतं, शिवाय लालही जरा जास्तच झालाय. बोलले तर "आल्या मास्तरीणबाई" म्हणतात. गप्प बसू का? — वाचक, नाशिक

उत्तर : नाही हो, बोला. ज्या बोलण्याने पांढरी मलमल गुलाबी व्हायची वाचते, ते न बोलणं हा शिष्टपणा झाला. पण चारचौघांत नको, बाजूला घेऊन किंवा फोनवर. आणि "तू धुतलं नाहीस" असं नाही, "कापड आधी धुऊन घेतलं होतंस का गं?" असं. उत्तर तिचं तीच देईल.

अजून शिवलेलं नसेल तर लाल कापडाचा तुकडा कोमट पाण्यात टाकून बघायला सांगा. शिवून झालं असेल तर पांढरा रुमाल ओला करून लाल पट्टीच्या कडेला घासा. रुमालाला रंग लागला, तर ती गोधडी एकटीच धुवायची, गार आणि भरपूर पाण्यात. सोबत जुन्या पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे सोडायचे, सुटलेला रंग थोडाफार ते घेतात. पाणी लाल दिसलं की लगेच बदलायचं. भिजत ठेवायची नाही, आणि ओली घडी तर मुळीच घालायची नाही. सगळे डाग तिथेच पडतात. सावलीत पसरून वाळवायची. मिठाने रंग बसतो असं सगळीकडे सांगतात, पण रंगवून आलेल्या तयार कापडावर त्याचा भरवसा धरू नका.

मास्तरीणबाई म्हणतात त्याचं कारण मला तुमच्याच पत्रात सापडलं. तुम्ही लिहिलंय की तिच्या क्विल्टमध्ये "लालही जरा जास्तच झालाय". हे तिला सांगितलंत का? सांगितलं असेल तर तिने रंग जाण्याचं ऐकलंच नसणार. एका बैठकीत माणूस एकच गोष्ट ऐकून घेतो. त्यात धुण्याचं आलं की तुमची पाळी संपली. लाल कमी की जास्त, ते तिला ठरवू द्या.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. इथल्या क्विल्ट गिल्डमध्ये, म्हणजे क्विल्ट करणाऱ्यांच्या मंडळात, खणाचे तुकडे आणि इरकलीचे काठ लावून केलेला क्विल्ट दाखवला. एकजण म्हणाली, फारच भडक आहे, आणि हे कापड क्विल्टला चालतच नाही. नंतर तोच क्विल्ट प्रदर्शनात दिला, तिथे परीक्षकांनी लिहून दिलं, "बाइंडिंगचे (कडेच्या पट्टीचे) कोपरे नीट भरलेले नाहीत." दोन्ही सारखंच लागलं. इथल्या मैत्रिणी म्हणतात, सोड, दुसऱ्याच्या कामात चुका शोधणारे "क्विल्ट पोलीस" सगळीकडेच असतात. — एक मराठी क्विल्टर

उत्तर : दोन्ही सारखं लागलं तरी सारखं नाही. प्रदर्शनात नाव देऊन तुम्ही परीक्षकांना स्वतःहून विचारलंत, त्यांनी विचारलेल्याचं उत्तर दिलं. ते उत्तर चांगलंही आहे. गोधडी असो की क्विल्ट, आधी झिजते ती कड. बाइंडिंगची पट्टी आतून पोकळ राहिली तर ती मुडपते आणि घडीवर विरते. कोपऱ्यात कापसाचा थर टोकापर्यंत पोचू द्या, आणि दुमडलेल्या कोपऱ्याची तिरकी फट दोन्ही बाजूंनी टाके घालून बंद करा. मागून बघितल्यावरच ते कळतं.

गिल्डमधल्या बाईचं वाक्य मात्र दोन भागांत फाडायला हवं. "भडक" हा भाग टाकून द्या. खण आणि इरकल भडकच असतात, म्हणूनच आपण ते नेसतो. दुसरा भाग ठेवून घ्या. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा पारंपरिक खण सूत आणि रेशीम मिळून होतो, हल्ली बाजारात पॉलिस्टरचेही येतात. इरकलीचं अंग सुती असलं तरी पदर नि काठ वेगळ्या धाग्याचे असतात. तिकडच्या क्विल्टच्या सुती कापडाशेजारी हे धुण्यात वेगळं आटणार आणि इस्त्रीलाही वेगळं वागणार. म्हणून ते कापड आधी धुवा, आणि मागून पातळ सुती अस्तर चिकटवून मगच कापा. हे करायचं नसेल तर क्विल्ट भिंतीवर लावा, पांघरू नका. तिला हे एवढं म्हणायचं होतं का, कोण जाणे. पण उपयोगाचं निघालं.

राहिली गोष्ट कुठलं कापड चालतं त्याची. तुम्ही राहता त्याच देशात, अलाबामा राज्यात, गीज बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालून झिजलेल्या डेनिमच्या, कॉर्डरॉयच्या तुकड्यांचे क्विल्ट केले. रेषा वाकड्या, चौकोन लहान-मोठे. 2002 साली ते आधी ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागले, 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. थंडीत पोरांना पांघरायला घालण्यासाठी शिवलेल्या त्या क्विल्टना तेव्हा कुणी चालतं की नाही विचारलं नव्हतं. पुढच्या सभेला हे सांगून कुणाला गप्प करायला जाऊ नका, गिल्डमधल्या बायकांना हे तुमच्याआधी माहीत असणार.

प्रश्न : माझे मिस्टर म्हणतात, बाजारात आठशे रुपयांत ब्लँकेट मिळतं, कशाला डोळे फोडतेस? स्वतः मात्र कॅरम क्लबची वर्गणी भरतात. यावर काय बोलायचं? — वाचक, सांगली

उत्तर : हिशेब त्यांचा बरोबर आहे. कापड, कापूस, दोरा आणि तुमचे तास धरले तर गोधडी कधीच परवडत नाही. त्यामुळे त्या मैदानात उतरू नका, हराल. आणि त्यांच्या कॅरम क्लबच्या वर्गणीचा विषयही काढू नका, संध्याकाळ वाया जाईल. डोळ्यांची काळजी मात्र खरी असेल, तर त्यांनाच टेबलावरचा चांगला दिवा आणायला सांगा. उजव्या हाताने शिवत असाल तर तो डाव्या बाजूला ठेवा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर येत नाही.

पुढच्या महिन्यासाठी गोधडीचा फोटो पाठवणार असाल, तर मागच्या बाजूचाही पाठवा. पुढच्या बाजूवरून मला काहीच सांगता येत नाही.