सिरॅक्यूज नॅशनल्स : २४ सेकंदांचं घड्याळ ज्या गावातून आलं, त्या संघाबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : सिरॅक्यूजसारख्या मध्यम आकाराच्या शहराला एनबीएचा (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा) संघ मिळाला कसा?

मिळाला नाही, तो आधीपासून होता. एनबीए नंतर आली. डॅनी बियासोन इटलीत जन्मलेले, लहानपणीच अमेरिकेत आलेले आणि सिरॅक्यूजमध्ये बोलिंगचा अड्डा चालवणारे गृहस्थ. १९४६ मध्ये त्यांनी शिकागोतल्या नॅशनल बास्केटबॉल लीगच्या कचेरीला ५,००० डॉलरचा चेक पाठवला आणि संघ उभा केला. नाव सिरॅक्यूज नॅशनल्स, लाडाचं नाव 'नॅट्स'.

ही एनबीएल मुख्यतः अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेच्या कारखानदार गावांची लीग होती. शेबॉयगन, अँडरसन, ऑशकॉश, फोर्ट वेन अशी तिची गावं. नॅट्स तिच्या अगदी पूर्व टोकाला पडत. समोर बीएए ही दुसरी लीग होती. तिच्याकडे न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया ही शहरं आणि मोठी स्टेडियम होती, पण अनेक उत्तम खेळाडू एनबीएलकडे होते. १९४९ मध्ये दोन्ही लीग एकत्र आल्या, १७ संघांची एनबीए झाली आणि नॅट्स त्यात आपोआप आले.

१९४६-४७ च्या आपल्या पहिल्या हंगामात या संघाने २१ सामने जिंकले, २३ हरले. चित्र पालटलं ते १९४८ मध्ये. शेजारच्या रॉचेस्टरहून अल सर्वी खेळाडू-प्रशिक्षक म्हणून आले आणि न्यूयॉर्क विद्यापीठातून डॉल्फ शेज आला. शेज न्यूयॉर्कचाच मुलगा, तिथल्या निक्स संघालाही तो हवा होता, पण बियासोननी पगार जास्त देऊ केला.

प्रश्न : १९४९-५० मध्ये नॅट्सनी ५१ सामने जिंकले, फक्त १३ हरले. तरी विजेतेपद मिळालं नाही. असं का?

त्या ५१-१३ मध्ये एक मेख आहे. १७ संघांचं वेळापत्रक समान नव्हतं. नॅट्स गटाने पूर्वेकडचे, पण त्यांचे बरेचसे सामने एनबीएलमधून आलेल्या पश्चिमेच्या संघांशी झाले आणि त्यातले काही संघ कमकुवत होते. त्यामुळे हा आकडा इतरांच्या आकड्यांशेजारी ठेवून थेट तुलना करता येत नाही. संघ चांगला होता यात वाद नाही, अंतिम फेरी त्यांनी गाठलीच. तिथे समोर मिनियापोलिस लेकर्स आणि ६ फूट १० इंचांचा जॉर्ज मायकन. पहिला सामना सिरॅक्यूजमध्ये ६६-६६ असा अडला होता. लेकर्सच्या बॉब हॅरिसनने शेवटच्या क्षणी लांबून टाकलेला शॉट बास्केटमध्ये पडला आणि नॅट्सनी घरचाच सामना घालवला. मालिका ४-२ ने गेली. १९५४ मध्येही अंतिम फेरीत लेकर्सच आडवे आले, ४-३ ने.

प्रश्न : शॉट क्लॉक, म्हणजे बॉल हाती आल्यावर २४ सेकंदांत शॉट घ्यायला लावणारं घड्याळ, नव्हतं तेव्हा खेळात नक्की काय बिघडलं होतं? 'लोक कंटाळले' एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं.

कंटाळा हा परिणाम झाला. मूळ बिघाड नियमांच्या हिशेबात होता.

पुढे असलेल्या संघावर शॉट घेण्याचं बंधन नव्हतं. त्यामुळे उत्तम ड्रिबल करणाऱ्याच्या हाती बॉल द्यायचा आणि वेळ खायचा. मागे असलेल्या संघाला बॉल मिळवायचा एकच मार्ग उरे, तो म्हणजे फाऊल. शॉट घेत नसलेल्या खेळाडूवर फाऊल केला तर समोरच्याला एकच फ्री थ्रो (रेषेवर उभं राहून, कुणी न अडवता टाकायचा एका गुणाचा शॉट) मिळे. म्हणजे जास्तीत जास्त एक गुण द्यायचा आणि बदल्यात दोन गुणांची संधी घ्यायची. सौदा फायद्याचा, म्हणून सगळेच करत. मग समोरचाही फाऊलला फाऊलने उत्तर देई आणि सामन्याचा शेवट म्हणजे फ्री थ्रोच्या रेषेवरची रांग होऊन बसे.

दोन टोकांचे दोन सामने बघा. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिसमध्ये लेकर्सना १९-१८ असं हरवलं. मायकनला बॉलच मिळू द्यायचा नाही म्हणून पिस्टन्स तो धरून उभे राहिले. दोन्ही संघांचे मिळून आठ फील्ड गोल (चालू खेळात पडलेले शॉट) झाले. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे. चौथ्या क्वार्टरमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून चार गुण. एनबीएचा हा सर्वांत कमी गुणांचा सामना.

दुसरं टोक २१ मार्च १९५३ चं, बॉस्टन विरुद्ध नॅट्स, प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी). चार ओव्हरटाइम, बॉस्टन १११-१०५. बॉब कूझीचे ५० गुण, त्यातले ३० फ्री थ्रोवर. शंभराहून जास्त फाऊल पुकारले गेले. कूझीचं कौतुक आजही होतं आणि ते रास्त आहे, पण ५० मधले ३० गुण उभ्याउभ्या केलेले, हेही सोबत सांगायला हवं.

लीगने आधी बारीकसारीक मलमपट्ट्या करून पाहिल्या. सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत फ्री थ्रोनंतर जंप बॉल करायचा (पंच बॉल वर उडवतो आणि दोघे उडी मारून तो मिळवतात), हा त्यातलाच एक उपाय. जंप बॉल उंच संघालाच मिळतो. एक फायदा काढून दुसऱ्याला दिला, एवढंच झालं.

प्रश्न : मग २४ हाच आकडा का? ३० किंवा २० का नाही?

बियासोन आणि संघाचे जनरल मॅनेजर लिओ फेरिस यांनी उलट बाजूने विचार केला. कंटाळवाणे सामने बाजूला ठेवले आणि जे बघायला मजा आली त्यांचे आकडे काढले. अशा सामन्यात प्रत्येक संघ साधारण ६० शॉट घेतो, दोघांचे मिळून १२०. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंद. २,८८० भागिले १२०, उत्तर २४. श्रेय बियासोनना किती आणि फेरिसना किती यावर सिरॅक्यूजचे जाणकार अजून भांडतात. भागाकार फेरिसचा आणि लीगच्या मालकांपुढे तो रेटून नेण्याचं काम बियासोनचं, असं बरेच जण मानतात.

या हिशेबातली गंमत सहसा सुटते. २४ ही चांगल्या सामन्यातली सरासरी होती आणि ती कमाल मर्यादा म्हणून लावली. सरासरीलाच छत केलं की वेग त्या चांगल्या सामन्यापेक्षाही वाढणार. झालंही तसंच.

१० ऑगस्ट १९५४ ला सिरॅक्यूजमधल्या एका शाळेच्या जिममध्ये लीगच्या मंडळींसमोर सराव सामना झाला. सुरुवातीला खेळाडूंनी घाई केली, बॉल हाती आला की टाक शॉट. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की २४ सेकंद म्हणजे पुष्कळ वेळ. बॉल पुढे आणायला सात-आठ सेकंद गेले तरी तीन-चार पास आणि एक स्क्रीन (बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभं राहून त्याला अडवणं) सहज बसते. नव्याने क्लब सामने घड्याळावर खेळवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पहिले दोन-तीन सराव घाईचे आणि वाईटच होतात, तेवढ्यावरून नियम सोडू नये.

३० ऑक्टोबर १९५४ ला घड्याळ लावून पहिला अधिकृत सामना झाला : रॉचेस्टर ९८, बॉस्टन ९५. आधीच्या हंगामात संघामागे सरासरी ७९.५ गुण होत होते, या हंगामात ते ९३.१ झाले.

मात्र सगळं श्रेय घड्याळाला देऊ नका. त्याच हंगामात दुसरा नियम आला : एका क्वार्टरमध्ये संघाचे सहा फाऊल झाले की पुढच्या प्रत्येक फाऊलला जादा फ्री थ्रो. घड्याळाने वेळकाढूपणा थांबवला, पण एक गुण देऊन दोन घ्यायचा सौदा मोडला तो या नियमाने. तो नसता तर लोक घड्याळासकट फाऊलच करत बसले असते. आमच्या मते हा जोडनियम घड्याळाइतकाच मोलाचा आहे. टांगून दाखवण्यासारखं त्यात काही नाही म्हणून तो विसरला गेला.

प्रश्न : १९५५ च्या अंतिम फेरीचा सातवा सामना कसा संपला? आणि फोर्ट वेनचे घरचे सामने इंडियानापोलिसमध्ये का झाले?

दुसरं आधी. फोर्ट वेनचा संघ फायनलला पोहोचेल असं त्यांच्याच गावाने धरलं नव्हतं आणि हॉल बोलिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेला देऊन टाकला होता. म्हणून तिसरा, चौथा आणि पाचवा सामना इंडियानापोलिसला हलवले. पिस्टन्सनी तिन्ही जिंकले, तेव्हा ही सबब फार ताणू नये. बोलिंगच्या अड्ड्याच्या मालकाला बोलिंगनेच हातभार लावला, एवढी गंमत मात्र खरी.

१० एप्रिल १९५५, ओनोंडागा काउंटी वॉर मेमोरियल, ६,६९७ प्रेक्षक. दुसऱ्या क्वार्टरमध्ये पिस्टन्स ४१-२४ ने पुढे, १७ गुणांची आघाडी. वर्षभरापूर्वी असती तर त्यांनी बॉल धरून ठेवला असता आणि रात्र तिथेच संपली असती. आता दर २४ सेकंदांनी शॉट घेणं भाग होतं. शॉट चुकले, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचे परत आलेले बॉल) नॅट्सना मिळाले, फरक हळूहळू खाल्ला गेला.

अखेरीस ९१-९१. बारा सेकंद बाकी असताना नॅट्सचा जॉर्ज किंग फ्री थ्रोच्या रेषेवर. तो काही या कामातला पक्का नव्हता. पण पहिला पडला, ९२-९१. पिस्टन्सनी बॉल आत घेतला, तो अँडी फिलिपकडे गेला. फिलिप लीगमधल्या सर्वोत्तम पास देणाऱ्यांपैकी, बॉल सांभाळायला याहून भरवशाचा माणूस त्यांच्याकडे नव्हता. किंगने त्याच्याच हातून बॉल काढून घेतला आणि वेळ संपली. नॅट्सचं सिरॅक्यूजमधलं ते एकमेव विजेतेपद.

प्रश्न : अर्ल लॉइड याच संघात होता ना?

हो, १९५२ ते १९५८. ३१ ऑक्टोबर १९५० ला एनबीएच्या सामन्यात उतरलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पण तेव्हा तो वॉशिंग्टन कॅपिटॉल्सकडून खेळत होता. तो संघ हंगामाच्या मध्येच बंद पडला, लॉइड सैन्यात गेला आणि परतल्यावर नॅट्सकडे आला. काम बचाव आणि रिबाउंडचं, समोरच्या संघाचा खमका फॉरवर्ड त्याच्या वाट्याला. १९५५ च्या विजेत्या संघात तो आणि जिम टकर होते. एनबीएचं विजेतेपद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. टकरने त्याच हंगामात न्यूयॉर्कविरुद्ध १७ मिनिटांत ट्रिपल-डबल (गुण, रिबाउंडसारख्या तीन आकड्यांत दोन अंकी नोंद) केलं. सर्वांत कमी वेळातल्या ट्रिपल-डबलचा तो विक्रम २०१८ पर्यंत टिकला.

प्रश्न : शेजचे आकडे आजच्या खेळाडूंशेजारी ठेवले की सामान्य वाटतात. तुलना कशी करावी?

आधी कोणता आकडा कधीपासून नोंदला गेला ते बघा. रिबाउंड १९५०-५१ पासून, खेळलेली मिनिटं १९५१-५२ पासून, स्टील (समोरच्याकडून बॉल काढून घेणं) आणि ब्लॉक (शॉट हवेतच अडवणं) थेट १९७३-७४ पासून. त्यामुळे किंगचा तो स्टील अधिकृत आकडेवारीत कुठेच नाही. तीन गुणांची रेषा १९७९-८० मध्ये आली. शेज दोन्ही हातांनी, डोक्याच्या वरून, उंच कमानीचा सेट शॉट बऱ्याच लांबून टाकायचा आणि त्याला दोनच गुण मिळायचे. शॉट पडण्याचं प्रमाणही तेव्हा एकूणच कमी. म्हणून टक्केवारीची तुलना त्याच हंगामाच्या लीग-सरासरीशी करावी, आजच्याशी नको.

या तऱ्हेने पाहिलं तर ६ फूट ८ इंचांचा हा माणूस बारा वेळा ऑल-स्टार होता आणि १९६० मध्ये १५,००० गुण गाठणारा पहिला खेळाडू ठरला. एकदा उजवं मनगट मोडलं तर प्लास्टर घालून खेळला आणि त्या काळात डावा हात तयार करून घेतला. पुढे बचाव करणाऱ्याला तो कोणत्या बाजूने जाईल याचा अंदाजच येईना.

प्रश्न : एवढं सगळं असताना १९६३ मध्ये संघ विकला का?

तिकीटविक्रीवर घर चालत होतं आणि हॉल सुमारे ८,००० खुर्च्यांचा. सिरॅक्यूजची वस्ती दोन लाखांच्या थोडी वर, फिलाडेल्फियाची वीस लाख. घड्याळामुळे खेळ वेगवान झाला, टीव्हीला आवडू लागला, पगार वाढले आणि ते परवडायला मोठं शहर लागू लागलं. बियासोननी लीगला जे दिलं त्यानेच त्यांच्या संघाचा खर्च वाढवला.

बाकीची गावं आधीच गेली होती. अँडरसन, शेबॉयगन, वॉटर्लू १९५० मध्येच बाहेर पडले. ट्राय-सिटीजचा ब्लॅकहॉक्स संघ १९५१ मध्ये मिलवॉकीला गेला. १९५७ मध्ये फोर्ट वेनचा संघ डेट्रॉइटला, रॉचेस्टरचा सिनसिनाटीला. पिस्टन्सचे मालक फ्रेड झोलनर यांचा स्वतःचा पिस्टनचा कारखाना होता, संघासाठी विमान होतं, तरी त्यांनाही ते गाव सोडावं लागलं. बोलिंगच्या अड्ड्यावर नॅट्स १९६३ पर्यंत टिकले हेच नवल. एनबीएतल्या चौदाही हंगामांत ते प्लेऑफला पोहोचले होते.

१९६२ मध्ये वॉरियर्स फिलाडेल्फिया सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि ते शहर रिकामं झालं. पुढच्या वर्षी अर्व्ह कॉस्लॉफ आणि आइक रिचमन यांनी ५ लाख डॉलरला नॅट्स घेतले आणि नाव ठेवलं सेव्हन्टी-सिक्सर्स. इथे पुष्कळांचा घोळ होतो. विल्ट चेंबरलेन आधी फिलाडेल्फिया वॉरियर्सकडून खेळला, तो आजच्या गोल्डन स्टेट वॉरियर्सचा इतिहास. सिक्सर्सचा इतिहास सिरॅक्यूजमध्ये सुरू होतो आणि १९५५ चं विजेतेपद त्यांच्याच खात्यात मोजतात. १९६६-६७ मध्ये ६८-१३ करून विजेता ठरलेल्या सिक्सर्समध्येही हॅल ग्रीर, चेट वॉकर आणि लॅरी कॉस्टेलो हे नॅट्सचे खेळाडू होते. प्रशिक्षक अ‍ॅलेक्स हॅनम तर नॅट्सकडून खेळलेले आणि नॅट्सचे शेवटचे प्रशिक्षकही.

प्रश्न : सिरॅक्यूजमध्ये आज बघण्यासारखं काय उरलंय?

वॉर मेमोरियल उभं आहे, तिथे आता आइस हॉकी चालते. आणि आर्मरी स्क्वेअरमध्ये २००५ मध्ये बसवलेलं जुन्या घड्याळाचं स्मारक. ते चालू घड्याळ आहे : २४ पासून शून्यापर्यंत उतरतं आणि पुन्हा २४ वर येतं.