ग्नूकॅशच्या फोल्डरमध्ये साचलेल्या शेकडो बॅकअप फायली पुसल्या तर चालतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की, दोन वर्षांपासून घरचा हिशोब ग्नूकॅश या हिशोबाच्या प्रोग्राममध्ये ठेवताय, फोल्डरमध्ये चारशेच्या वर फायली झाल्या आहेत, त्यातल्या कुठल्या पुसायच्या. आणि तो फोल्डर गूगल ड्राइव्हवर टाकला की बॅकअपचं काम मिटलं का.

पुसता येतील. पण आज रात्री नको. का ते सांगते, कारण याच साफसफाईत माझा सात आठवड्यांचा हिशोब गेला आहे.

आधी त्या फायली कसल्या ते बघू. ग्नूकॅश दर वेळी सेव्ह करताना आधीची फाइल पुसत नाही, तिच्या नावापुढे तारीख-वेळेचे चौदा आकडे लावून बाजूला ठेवतो. म्हणजे 'घर.ग्नूकॅश'च्या शेजारी 'घर.ग्नूकॅश.२०२४०६११२१३०४५.ग्नूकॅश' असं लांबलचक नाव दिसतं: २०२४, जूनची ११ तारीख, रात्री ९ वाजून ३० मिनिटं ४५ सेकंद. ऑटोसेव्ह चालू असेल तर तेही हेच करतं, त्यामुळे एका रविवारी तासभर बसून बिलं भरली तरी दहा-बारा फायली सहज होतात. 'लॉग' नावाच्या फायलींमध्ये मधल्या काळात केलेल्या नोंदी असतात. लाइट गेली, सेव्ह व्हायचं राहिलं, तर शेवटची चांगली फाइल उघडून इम्पोर्ट मेनूतून तो लॉग पुन्हा चालवता येतो. एरवी त्याचा उपयोग नाही. शेवटी 'एलसीके' असलेली फाइल म्हणजे नुसती कडी. हिशोब उघडा आहे एवढंच सांगणारी. तिची कॉपी घ्यायची गरज नाही.

जुन्या फायली प्रोग्राम स्वतःच काढतो. प्रेफरन्सेसमध्ये 'जनरल'खाली 'लॉग आणि बॅकअप फायली किती दिवस ठेवायच्या' अशी सेटिंग आहे. मुळात ती ३० दिवसांवर असते. तुमच्याकडे चारशे साचल्यात म्हणजे एक तर तुम्ही ती 'कायम'वर नेली असेल, नाहीतर रोज रात्री हिशोबाला बसत असाल. तसं असेल तर मानलं तुम्हाला.

आता माझी गोष्ट. मी फोर्टला एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे 'मला काय कळत नाही' असं म्हणायची सोय नाही. एका एप्रिलमध्ये सोसायटीच्या मेंटेनन्सची एक जुनी नोंद बघायला मी अशाच आकडेवाल्या फायलीवर डबल क्लिक केलं. नोंद बघितली, बंद केलं. पण ग्नूकॅश पुढच्या वेळी शेवटची उघडलेली फाइलच उघडतो. त्यामुळे त्या दिवसापासून मी सगळा हिशोब त्या आकडेवाल्या फायलीत लिहीत होते. चार-पाच नोंदी कमी होत्या, त्या 'राहिल्या असतील' म्हणून पुन्हा टाकल्या. आणि दर रविवारी इमानेइतबारे 'घर.ग्नूकॅश' पेन ड्राइव्हवर कॉपी करत होते. तीच फाइल, जिच्यात १४ एप्रिलनंतर एक अक्षर लिहिलं गेलं नव्हतं!

जूनच्या पहिल्या आठवड्यात फोल्डरचा उकिरडा झालेला बघवेना. आकडे असलेलं सगळं सिलेक्ट केलं आणि शिफ्ट-डिलीट. रिसायकल बिनचा रस्ताही बंद. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम म्हणाला, फाइल सापडत नाही. पेन ड्राइव्हवर सात कॉपी, सातही १४ एप्रिलच्या. एक्सप्लोररमध्ये 'डेट मॉडिफाइड'च्या कॉलमात तीच तारीख सात वेळा दिसत होती, पण ते बघायला वेळ कुणाला होता?

बँकेचे आणि कार्डाचे व्यवहार स्टेटमेंटवरून परत भरले, दोन शनिवार-रविवार गेले. रोखीचं काय? भाजी, दूध, रिक्षा, कामवाल्या मावशींना उचल म्हणून दिलेला पैसा... शेवटी 'रोख तफावत ११,३४०' अशी एक नोंद टाकली. ती अजून आहे. ऑफिसात कुणी अशी नोंद टाकली असती तर मीच बोलले असते.

तेव्हा पहिलं काम हे: ग्नूकॅश उघडा आणि खिडकीच्या अगदी वरच्या पट्टीतलं फाइलचं नाव वाचा. साधं 'घर' दिसलं तर ठीक. आकडे दिसले तर तुम्ही माझ्याच वाटेवर आहात. मग 'सेव्ह ॲज' करून त्याला नवीन, साधं नाव द्या आणि पुढे तेच वापरा. फोल्डरमध्ये एखादं नाव दुहेरी झालेलं, म्हणजे आकडे-ग्नूकॅश-परत आकडे-ग्नूकॅश असं दिसलं, तर कधीतरी एखाद्या बॅकअपमध्ये लिहिलं गेलंय असं समजा. नाव आकडेवालं असलं की प्रोग्रामही त्या फायलीला बॅकअपच समजतो, आणि मुदत संपल्यावर तुमच्या हाताचीही वाट बघत नाही.

आता गूगल ड्राइव्हबद्दल. सिंक म्हणजे आरसा. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, इथे बिघडलं की बिघडलेलंच वर जातं. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये गेलेली फाइल ३० दिवसांनी कायमची जाते. आणि ग्नूकॅशची मूळ मुदतही ३० दिवसच. हिशोबातली चूक मात्र तीस दिवसांत कधी सापडते? ती सापडते मार्चअखेरीला ताळा बसत नाही तेव्हा, नाहीतर जुलैमध्ये रिटर्न भरताना. फंडाच्या बाबतीत तर त्याहून उशिरा. ३१ जानेवारी २०१८ किंवा त्याआधी घेतलेले शेअर आणि इक्विटी फंड आज विकले तर दीर्घकालीन नफा मोजायला मूळ खरेदीची किंमतही लागते आणि ३१ जानेवारी २०१८चा भावही. २००९ची एसआयपी कितीला पडली हे नेमकं विकायच्या दिवशी आठवतं, आणि ते जर तुम्ही चुकून पुसलं असेल तर महिन्याभराचे बॅकअप काय कामाचे?

म्हणून मी महिन्याला एक कॉपी वेगळी काढते. बँकेचा ताळा पासबुकाशी जुळला की प्रोग्राम बंद करायचा, 'घर-२०२४-०६' अशा नावाने कॉपी करायची, कॉपीची तारीख आणि साइझ मागच्या महिन्याच्या कॉपीशी ताडून बघायची. पंधरा वर्षांचा माझा हिशोब दोन एमबीच्या आत मावतो, तेव्हा जागेची कंजुषी कशाला? बारा महिन्यांच्या बारा कॉपी वर्षभर ठेवते, ३१ मार्चची कधीच पुसत नाही. मार्चला खात्यांचे व्यवहार सीएसव्हीमध्येही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) एक्सपोर्ट करते. ग्नूकॅशची फाइल आत साधी एक्सएमएल, म्हणजे वाचता येणारा मजकूर असते, कॉम्प्रेस केलेली, त्यामुळे प्रोग्राम उद्या राहिला नाही तरी आकडे वाचता येतील. मायक्रोसॉफ्टने २००९मध्ये 'मनी' हा त्यांचा हिशोबाचा प्रोग्राम बंद केला तेव्हा त्यातला हिशोब बाहेर काढायला लोकांची तारांबळ उडाली होती. सीएसव्हीची सवय त्यावरून.

पण साधी एक्सएमएल म्हणजे कुणालाही वाचता येईल अशीसुद्धा. पगार, लॉकर, एफडी, सगळं उघडं. ड्राइव्हवर टाकण्याआधी सेव्हन-झिप या फायली बांधायच्या प्रोग्रामने तिची झिप करून पासवर्ड लावा. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा आणि घरात अजून एकाला माहीत असू द्या. आमच्याकडे 'अहों'ना माहीत आहे, विचारलं की दर वेळी चुकीचा सांगतात, पण कागद कुठे आहे ते बरोबर सांगतात.

एक कॉपी घराबाहेर ठेवते, त्याचं कारण २६ जुलै. २००५ला आम्ही कुर्ल्याला तळमजल्यावर होतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. मी ऑफिसात अडकलेली. घरी पाणी शिरायला लागलं तसा यांनी आणि मुलाने टीव्ही उचलून पलंगावर ठेवला. कॉम्प्युटरचं कॅबिनेट टेबलाखालीच राहिलं. बॅकअपच्या सीडी त्याच टेबलाच्या खालच्या खणात. चिखलातून काढल्या, धुतल्या, दोन चालल्या, बाकीच्या नाहीत. वाचली ती देव्हाऱ्याच्या फळीवरची सासूबाईंची हिशोबाची वही.

आता मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर आहोत, तरी एक पेन ड्राइव्ह ठाण्याला भावाकडे असतो. गुढीपाडव्याला एक नेऊन दुसरा आणायचा, भाऊबीजेला परत बदलायचा. तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. मधल्या महिन्यांसाठी ड्राइव्हवरची झिप आहेच.

आणि अधूनमधून, माझं ठरलेलं आहे दिवाळीच्या सुट्टीत, एक कॉपी दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघते. पेन ड्राइव्हवरून थेट उघडायची नाही, आधी डेस्कटॉपवर आणायची, नाहीतर परत तोच घोळ. बँकेची शिल्लक आणि शेवटची नोंद कागदावर लिहून घेतलेली असते, ती जुळली की बस. या फायलीत दोन गोष्टी येत नाहीत हेही तेव्हाच कळलं. सेव्ह केलेले रिपोर्ट वेगळ्या फोल्डरमध्ये असतात (विंडोजवर ॲपडेटामध्ये 'ग्नूकॅश' नावाचा), आणि पावत्यांचे फोटो नोंदींना जोडले असतील तर फायलीत त्यांचा नुसता पत्ता असतो, फोटो नाही. तेही कॉपी करा.

हे सगळं झाल्यावर तुमच्या चारशे फायली. वरच्या पट्टीतलं नाव तपासलं, एक कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडून बघितली, की सगळ्या आकडेवाल्या आणि लॉग फायली 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये हलवा. पुसू नका, हलवा. मुदतीची सेटिंग ९० दिवस करा. पुढचं रिटर्न भरून झालं आणि एकदाही 'जुने'मध्ये डोकवावं लागलं नाही, की मग खुशाल शिफ्ट-डिलीट.