लेकरू भयकथा लिहितं, म्हणून काळजी वाटते?

"मॅडम, पोरगी रात्री भुताच्या गोष्टी लिहिती अन् मोबाइलवर लोकायला वाचायला देती. डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला?"

लातुरात समुपदेशन करताना हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. विचारणारे बहुतेक नीटच्या क्लाससाठी मुलांना इथं ठेवलेले पालक. काही जण तर आधी देवऋषीकडं जाऊन आलेले असतात. म्हणून एका घराची हकिगत सांगते, त्यांच्या परवानगीनं आणि ओळख लपवून.

औसा तालुक्यातलं कुटुंब, मुलगी बारावीत. मुंजा, हडळ, विहिरीतल्या आसरा असं घेऊन ती टोपणनावानं छोट्या कथा लिहायची आणि ऑनलाइन लेखनगटात टाकायची. वडिलांनी मोबाइल काढून घेतला, तेव्हापासून तिची झोप उडाली.

"लिहिताना भीती वाटते?" मी विचारलं.

"लिहिताना नाही. न लिहिता झोपले की वाटते."

मनातल्या भीतीला शेवट नसतो. गोष्टीत मात्र दार कधी उघडायचं हे लिहिणारी ठरवते. माणूस स्वतःची गोष्ट सांगू लागला की सावरू लागतो, यावर माझा पक्का विश्वास आहे. शिवाय गटातले लोक तिला शिकवतही होते. "आसरा पहिल्याच ओळीत दाखवलीस, मग भ्यायचं कशाला?" हा एका वाचकाचा शेरा तिला पाठ होता.

पुढच्या एका भेटीत वडिलांना तिची एक कथा माझ्यासमोरच वाचायला दिली. पहाटेची वेळ, पडलेलं पत्र्याचं घर, ढिगाऱ्याखालून एक पोरगा विचारतोय, "दादा, उजाडलं का?" वडील तिथंच थांबले. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनानंतरची पहाट, किल्लारीचा भूकंप. ते तेव्हा नऊ वर्षांचे होते. धाकटा भाऊ गेला. घरात त्यावर कुणी बोलत नसे, फक्त आजीनं नातीला थोडंसं सांगितलं होतं.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही.

"पत्रे नव्हते गं," ते म्हणाले. "माळवद होतं. मातीनंच दम कोंडला त्याचा."

मुलीनं मान वर केली. "पप्पा, त्याचं नाव काय होतं?"

त्यांनी सांगितलं. मग ते बोलतच राहिले, ती ऐकत राहिली. त्यांना मुलीच्या डोक्याची नव्हे, त्या पहाटेची भीती होती, हे मला तिथं उमगलं. असा क्षण ओढून आणता येत नाही. त्याला जागा करून देता येते, आणि ते मला आता जमतं.

पालकांनो, गोष्ट वाचा. "हे कुठून शिकलीस?" असं दरडावू नका, "पुढं काय झालं?" असं विचारा. कथेत भुतं किती, रक्त किती, हे मोजू नका. झोप, जेवण, मैत्रिणी यांच्याकडं लक्ष ठेवा. पात्राच्या तोंडून नव्हे, स्वतःबद्दलच मूल "मी नसलेली बरी" असं म्हणू लागलं, तर मात्र थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना गाठा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला. टोपणनाव राहू द्या. कॉलेज, हॉस्टेल, फोन नंबर कुणाला द्यायचा नाही, अनोळखी मोठ्या माणसाशी खासगीत बोलायचं नाही, हे आधीच ठरवा. कथेत आत्महत्या किंवा मारहाण असेल तर वर तशी सूचना लिहायला सांगा, म्हणजे वाचायचं की नाही हे वाचणाऱ्याला ठरवता येतं.

या मुलीला मोबाइल परत मिळाला. रात्री साडेदहाला तो बाजूला ठेवायचा, ही अट तिनंच घातली.