नव्या लॅपटॉपच्या पडद्यावरचा ठिपका

प्रश्न : दीड लाखाच्या नव्या लॅपटॉपवर काळ्या पडद्यात एक हिरवा ठिपका कायम दिसतो आणि खालचा कोपरा पिवळसर उजळतो. विक्रेता ‘एवढे चालायचेच’ म्हणतो. काय करावे? (एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल (चित्र घडवणारे बारीक ठिपके) असतात व प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल, त्यांपैकी एक हिरवा आपल्याकडे सतत पेटलेला राहिला आहे. आयएसओ ९२४१-३०७ या आंतरराष्ट्रीय मानकात दोषांच्या संख्येनुसार पडद्यांचे वर्ग ठरवलेले असून उत्पादक बहुधा काही ठिपके माफ धरणारा वर्गच निवडतात, त्यामुळे एका ठिपक्यासाठी पडदा बदलून मिळेलच असे नाही. एवढी किंमत घेऊन वर ही सूट मागणे आम्हाला मात्र पटत नाही. कोपऱ्याकडे जरा बाजूने पाहा : डोके हलवताच उजेड कमीजास्त झाला तर ती आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) पडद्याची प्रकृती, जागचा ढळला नाही तर पडद्यामागच्या दिव्यांचा प्रकाश कडेतून झिरपतो आहे. छायाचित्र, बिल आणि वॉरंटीची अट जोडून बदलीची मुदत संपण्याआधी लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच. पुढे, कंपनीचे कार्यालय कुठेही असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपल्याला ठाण्यातच जिल्हा आयोगाकडे जाता येते.