प्रश्न: नशेखोर आरोपींना तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवणं म्हणजे त्यांचे लाडच नाहीत का? त्यानं गुन्हे कमी होतात का?
‘लाड’ हा शब्द वाचला आणि उत्तर लिहायला बसलो. आमचा मामा हाच शब्द वापरायचा.

धाकटा भाऊ गर्दवर, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनवर, होता. पहिल्यांदा पकडला तेव्हा खिशात जेमतेम ग्रॅमभर पुडी. वकील म्हणाले, कबूल करा, दंड भरा, विषय संपवा. वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून दंड भरला. भाऊ दुपारी सुटला आणि संध्याकाळी त्याच पुलाखाली पन्नीवर ओढत बसला.

दुसऱ्या वेळी मामा म्हणाला, जामीन घेऊ नका, सडू दे आत. आम्ही ऐकलं. १४ दिवस. टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, ज्यानं पाहिलीय त्याला काय सांगायचं! पोटऱ्या पिळवटतात, उलट्या, जुलाब, डोळ्याला डोळा नाही. ती आत उतरली, मान्य. पण ओढ तशीच राहिली. वर बाहेर आला तो दोन नव्या ओळखी घेऊन. त्यातला एक घरपोच माल द्यायचा.

तिसऱ्या वेळी दुसऱ्या वकीलबाई भेटल्या. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम ६४-अ त्यांनी दाखवलं. व्यसनी आरोपीकडे अल्प मात्रा असेल (हेरॉइनला ५ ग्रॅम) आणि त्यानं स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले, तर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर सूट जाऊ शकते. दोषी ठरल्यावरसुद्धा कलम ३९ खाली कोर्ट उपचाराला पाठवू शकतं. पहिल्या वकिलांना हे माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे.

भाऊ केंद्रात गेला. पाच महिन्यांनी घसरला, पुन्हा ओढू लागला. मामा खूश. पण तो परत केंद्रात गेला, कारण खटल्याची टांगती तलवार होती. आईच्या रडण्यानं तो कधी गेला नव्हता.

गुन्ह्यांचं म्हणाल तर, सिलिंडर, आईच्या पाटल्या, शेजाऱ्यांची सायकल, सगळं पुडीसाठी गेलं होतं. पुडी थांबली, चोऱ्या थांबल्या. बाकी जगाचं मला विचारू नका.

हां, सायकलचोरीची केस वेगळी चाललीच. ६४-अ तिथे कामाला येत नाही. स्वतः व्यसनी नसलेल्या, माल विकणाऱ्यालाही हे लागू नाही, नसावंच. आणि साखळीनं बांधून मारणाऱ्या ‘केंद्रा’त टाकणार असाल तर तुरुंग परवडला. कबुली देण्याआधी, पहिल्याच तारखेला वकिलाला ६४-अ विचारा.

मामा अजून म्हणतो, पोरगा लग्नामुळे सुधारला. लग्न त्यानंतर चार वर्षांनी झालं.