आईच्या तिसऱ्या गोळीसाठी बेसाचा प्लॉट विकू का?

ताई, बाकीच्या वाचकांसाठी तुमच्या पत्राचा गोषवारा आधी देतो. तुम्ही नागपुरात मानेवाड्याला राहता. आई ६६ वर्षांच्या, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढल्याचं निदान झालंय. सिल्डेनाफिल आणि अँब्रिसेंटानवर महिन्याला ५,२०० रुपये जातात. आता डॉक्टरांनी सेलेक्सिपॅग जोडायचं सुचवलंय, पहिल्या महिन्याचा भाव १४,००० सांगितलाय. हातात पगाराचे ५८,०००, आईंचं फॅमिली पेन्शन १७,०००, घराचा हप्ता १६,०००, घरखर्च ३०,०००. एफडी ६ लाखांची, आरोग्य विमा नाही. बाबांच्या नावावरच्या बेसाच्या प्लॉटला दलाल २८ लाख देतो म्हणतो, पण या महिन्यातच.

प्लॉट आत्ता विकू नका. तो भावनेचा आहे म्हणून नाही. या औषधाला दरमहा किती लागणार, ते आज तुम्हाला माहीतच नाही म्हणून.

सेलेक्सिपॅग सुरू होतं २०० मायक्रोग्रॅमपासून, दिवसातून दोनदा. मग सोसेल तसं, साधारण आठवड्याला एक पायरी, डोस वाढवत नेतात. कमाल १,६०० दोनदा, म्हणजे आठपट. बिल आठपट होत नाही, कारण मोठ्या ताकदीची गोळी त्याच पटीत महाग नसते. पण १४,००० हा सुरुवातीचा भाव आहे, कायमचा नाही. कोणाला डोकेदुखी, जुलाब, जबड्याचं दुखणं यामुळे मधेच थांबावं लागतं आणि तोच डोस पुढे चालतो. म्हणून गांधीबागेतल्या दवा बाजारात जाऊन प्रत्येक ताकदीच्या गोळीचा भाव लिहून घ्या. कोणत्या कंपन्यांच्या गोळ्या चालतील, ते मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

सध्या सगळं जाऊन तुमच्याकडे महिन्याला सुमारे २४,००० उरतात. नव्या गोळीचं बिल ३०,००० वर थांबलं तर तूट ६,००० ची. एफडीतले २ लाख अडीअडचणीला बाजूला ठेवून उरलेल्या ४ लाखांत ती पाच वर्षांहून जास्त भागते. बिल ५०,००० झालं तर तूट २६,०००, आणि तेच ४ लाख पंधरा महिन्यांत संपतात. प्लॉटचा विचार तेव्हा करायचा, आणि तेव्हाही पंधरा महिने हातात असतील. दलालाच्या ‘या महिन्यातच’ला भुलू नका.

आता थोडं माझ्या अंगणाबाहेरचं. मी डॉक्टर नाही, पण तुम्ही पाठवलेल्या कागदांत इको तीनदा दिसतो, उजव्या बाजूची कॅथ, म्हणजे हृदयात नळी घालून दाब थेट मोजणारी तपासणी, कुठेच दिसत नाही. शिवाय चार वर्षांपूर्वी आईंच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती, असं तुम्हीच लिहिलंय. फुप्फुसातला दाब जुन्या गुठळ्यांमुळे वाढला असेल तर काही रुग्णांत शस्त्रक्रिया करून त्या काढता येतात. ते शक्य नसेल तर रिओसिग्वाट हे औषध असतं. ते सिल्डेनाफिलसोबत घेता येत नाही, म्हणजे त्या वाटेवर एका गोळीच्या जागी दुसरी. आणि दाब हृदयाच्या डाव्या बाजूमुळे असेल तर या महागड्या गोळ्यांचा हिशेबच वेगळा. तेव्हा ‘कॅथ आणि व्हीक्यू स्कॅन (फुप्फुसातल्या जुन्या गुठळ्या शोधणारा) झालेत का, नसतील तर आधी करायचे का?’ एवढं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मिहानच्या एम्समध्ये दुसरं मतही घ्या. एकदाच्या तपासणीचा खर्च वर्षानुवर्षांच्या बिलापुढे काहीच नाही. तोवर चालू गोळी मात्र एक दिवसही बंद करू नका.

सिल्डेनाफिल मागताना केमिस्ट विचित्र बघतो, हे वाचून हसू आलं आणि रागही. हे औषध १९९८ साली व्हायग्रा या नावाने दुसऱ्याच कारणासाठी बाजारात आलं, २००५ पासून अमेरिकेत या आजारासाठीही मंजूर आहे. चिठ्ठी पुढे करा आणि त्याच्याच डोळ्यांत बघा.

अमेरिकेतल्या मावसभावाने सांगितलेलं सोटाटरसेप्ट हे याच आजारावरचं औषध २०२४ मध्ये तिथे मंजूर झालं, दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन. तिथली जाहीर किंमत कुपीला सुमारे १४,००० डॉलर. वर्षाला सतरा कुप्या धरल्या तरी दोन कोटींच्या घरात. बेसाचे दहा प्लॉट विकूनही दीड वर्ष भागणार नाही. तो विषय सोडा.

सरकारी योजनांवर फार भिस्त ठेवू नका. महात्मा फुले योजना काय आणि सत्तरीनंतरचं आयुष्मान काय, हॉस्पिटलात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत. रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. करात गंभीर आजारांच्या सवलतीच्या यादीत (१९६१ च्या कायद्यातलं ८०डीडीबी) हा आजार नाही. पण आईंचा विमा नसल्यामुळे त्यांच्या औषधांचा वर्षाला ५०,००० पर्यंतचा खर्च (त्याच कायद्यातलं ८०डी) तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतो. जुनी करपद्धत हवी आणि पैसे रोख दिलेले नकोत. पुढच्या बिलापासून यूपीआयच.

प्लॉटचं बोलायचं तर तो अजून बाबांच्या नावावर आहे. म्हणजे २८ लाख तुमचे नाहीत, आईंचेही नाहीत. मृत्युपत्र नसेल तर आई, तुम्ही आणि पुण्याचा भाऊ अशा तिघांचे. आधी वारसांची नावं चढवा, आरएल, म्हणजे प्लॉट अधिकृत असल्याचं पत्र, निघालेलं नसेल तर नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे त्याची चौकशी करा. आरएल नसलेल्या प्लॉटला घाईत गिऱ्हाईक पाडूनच मागतं. पैसे उपचाराला लागले म्हणून भांडवली नफ्यावरचा कर माफ होत नाही, हेही धरून चला. पुढे विकलाच, भावाने हक्कसोडपत्र दिलं आणि हातात २६ लाख उरले, तर आईंच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. ८.२ टक्के दर धरला तर महिन्याला १७,८०० च्या आसपास पडतात, मुद्दल शाबूत.

पुण्याचा भाऊ ‘घाई करू नकोस’ म्हणतो, आणि या बाबतीत त्याचं बरोबर आहे. फक्त वारसनोंदीच्या सहीसाठी त्याला फोन कराल तेव्हा आईच्या गोळ्यांचे महिन्याला पाच हजारही मागा.