साडेपस्तीसचा अणू

"मॅडम, पाठ होते हिचं सारं, पण समजत काहीच नाही. सायन्सचं डोकंच नाही हिले."

फेब्रुवारी लागला की नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. बोलते आई, आणि मूल चपलांकडे बघत बसतं. त्यातलीच ही नववीतली एक, ओळख पटू नये इतपत बदललेली.

पहिल्या दोन भेटी 'मी ढ आहे'च्या पुढे सरकल्या नाहीत. तिसऱ्या वेळी आईला बाहेर बसवलं आणि मुलीला पुस्तक उघडायला सांगितलं. "बोट ठेवून वाच. अडशील तिथे बोट तसंच राहू दे."

समस्थानिकांची व्याख्या घडाघडा आली. अणुअंक, म्हणजे प्रोटॉनची संख्या, सारखा; अणुवस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन नि न्यूट्रॉन मिळून, वेगळा. बोट थांबलं ते क्लोरीनच्या 35.5 या अणुभारावर.

बराच वेळ गेला. मग हळूच, "केंद्रकातले प्रोटॉन नि न्यूट्रॉन मोजाचे असतात ना? मग अर्धा काहून? अर्धा न्यूट्रॉन थोडीच असते?"

शिकवणीत हेच विचारल्यावर पोरं हसली होती आणि 'तेवढं पाठ कर' असं उत्तर मिळालं होतं. तेव्हापासून तिने विचारणंच सोडलं.

माझी जुनी बीएस्सी अशी कधी कामाला येईल वाटलं नव्हतं! मी तिला प्राउटची गोष्ट सांगितली. सगळे अणुभार हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावेत, असं या इंग्रज डॉक्टरने 1815 मध्ये मांडलं आणि क्लोरीनने त्याचा खोळंबा केला. पुढची शंभरेक वर्षं मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ तिच्याच जागी अडले होते. 1913 मध्ये सॉडी या रसायनशास्त्रज्ञाने एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंना 'आयसोटोप', म्हणजे समस्थानिक, हे नाव दिलं. पुढे अ‍ॅस्टनने क्लोरीनचे अणू वस्तुमानानुसार वेगळे करून दाखवले. त्याला 1922 चं नोबेल मिळालं.

मग अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीमागे चार आकडे लिहून दिले: 35, 35, 35, 37. तिने बेरीज केली, 142. चारने भागलं आणि पेन तिथेच थांबलं.

"म्हणजे साडेपस्तीसचा अणू नसतेच?"

"एकही नाही. पेरूवर टाकतेस त्या मिठातसुद्धा साधारण तीन 35चे, तर एक 37चा. प्रोटॉन दोघांत 17च. न्यूट्रॉन एकात 18, दुसऱ्यात 20."

"मूलद्रव्यांच्या तक्त्यात एकाच घरात राह्यतात," ती स्वतःशीच म्हणाली. "सम... स्थानिक!" वर्षभर पाठ असलेला शब्द तिने पहिल्यांदा फोडून पाहिला होता.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी. घडलं काय आणि त्यावर आपण चिठ्ठी कोणती चिकटवली, हे मी आधी वेगळं करते. इथे घडला होता एक उत्तम प्रश्न, आणि 'ढ' ही चिठ्ठी वर्गाच्या हशाने चिकटवली होती. ते मला त्या बोटावरून दिसलं, याचं समाधान मी लपवत नाही.

म्हणून पालकांना माझं सांगणं असतं की दुसरी शिकवणी लावायच्या आधी मूल नेमकं कोणत्या ओळीवर थांबतं ते शोधा. 'समजलं का?' विचारू नका, त्याला 'हो'च येतं. उत्तर तुम्हाला येत नसलं तरी चालतं.

मलाही आलं नाही. निघताना दारात तिने विचारलं, "मग 36 वाला काहून नाही?" रात्री वाचलं: असतो, पण किंचित आणि अस्थिर. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे 3 लाख वर्षं. पुढच्या भेटीत सांगायला गेले, तर तिला ठाऊक होतं. शाळेतल्या बाईंना तिने भर वर्गात विचारलं होतं.